दांडीवरची राणी

एका राज्यात राजवाड्याची वास्तू बोलत असे. फार नाही, एकच शब्द, आणि तोही तिन्हीसांजेला. त्या वेळी कुणी बरंवाईट काही बोललं की भिंतीतून आवाज येई, ‘तथास्तु’, आणि बोललेलं तसंच्या तसं होऊन जाई. म्हणून दिवेलागणीला राजवाड्यात सगळे तोंडं मिटून बसत. नवी राणी मृणालवती परमुलखातून आलेली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. एके संध्याकाळी ती भोजनशाळेतून तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, "या घरात राणी होण्यापेक्षा कोंबडी झालेली परवडली!"

"तथास्तु," भिंत म्हणाली.

राजा चित्रवर्मा धावत आला, तो जमिनीवर पैंजण पडलेले आणि शेजारी एक पांढरी तलंग उभी. कोवळी, अजून एकही अंडं न घातलेली आणि रागाने थरथरणारी. राजाने कपाळावर हात मारला आणि परसातल्या उंबराखाली जाऊन ढोलीतल्या पिंगळ्याला हाक दिली. पिंगळ्याला पुढचं दिसत असे आणि माणसांची भाषा येत असे.

"उपाय आहे," पिंगळा म्हणाला. "तुझ्या खुराड्यातल्या जुन्या कोंबड्यांनी हिला रात्री बसायच्या दांडीवर आपल्यात जागा दिली, तर उजाडता राणी माणसात येईल. मात्र हिने पहिलं अंडं घालायच्या आत. एकदा अंडं घातलं की जन्माची कोंबडी."

"ते कळायचं कसं?"

"तुरा बघ. आज फिका आहे. लालभडक झाला की वेळ संपत आली."

"एवढंच ना!" राजा म्हणाला. त्याने गड जिंकले होते, राक्षसाला खंडणी द्यायला लावली होती. कोंबड्या त्या काय!

दुसऱ्या दिवशी त्याने राणीचा रीतसर गृहप्रवेश केला. चौघडा झडला, खुराड्याला तोरण लागलं, दाराशी तांदळाने भरलेलं माप ठेवलं. तलंगेने पायाने माप लवंडलं मात्र, थोरली कोंबडी तांदळावर तुटून पडली. तांबूस रंगाची, मानेवरची पिसं झडलेली ही म्हातारी. तिला सगळे सरदारीण म्हणत. तांदळाच्या आड येणारी राणीही तिने सोलून काढली. मागोमाग बाकीच्या धावल्या. राणी उडाली ती थेट राजछत्रावर जाऊन बसली.

"अगं, राणी आहे ती!" राजा ओरडला. कोंबड्या तांदूळ टिपत राहिल्या.

मग राजाने सरदारिणीला हद्दपार केलं. तिला पालखीतून दूरच्या बागेत धाडलं आणि तो निर्धास्त झाला. दुपारपर्यंत काळ्या कोंबडीने सरदारकी घेतली आणि नव्या सत्तेच्या तोऱ्यात राणीला दुप्पट टोचलं. वैतागून राजाने सरदारिणीला परत आणलं, तेव्हा थोरली कोण यावर परसात महायुद्धच पेटलं. पिसं उडाली, त्यातली निम्मी पांढरी होती. राणीचा तुरा गुलाबी झाला होता.

"पिंगळ्या, मी या राज्याचा धनी आहे!" राजा कावून म्हणाला. "माझ्याच परसात माझं कुणी ऐकेना!"

"घाई तुला आहे, त्यांना नाही," पिंगळा म्हणाला. "त्यांना आधी हिला बघू दे. कंटाळा येईपर्यंत बघू दे."

राजाने बुरुडाकडून मोठं डालं आणवलं, परसाच्या मधोमध पालथं घातलं आणि राणीला त्याखाली ठेवलं. आत दाणे टाकले, बाहेरही टाकले. सरदारीण टोचायला आली की चोच बांबूवर आपटे. राजा मुकुट बाजूला ठेवून तिथेच पाटावर बसून राही. राजदरबार अडला, वकील ताटकळले, आणि राजा कोंबड्यांना "हड् हड्" करत राहिला.

त्याच्या आत्यासाहेब आल्या. राजवाड्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. "महाराज, पुरे झाला हा तमाशा," त्या म्हणाल्या. "परकी पोर ती. दुसरी करता येईल."

राजाने डाल्याकडे पाहिलं. सरदारीण मान तिरकी करून डाल्यातल्या राणीकडे पाहत होती, आणि ती नजर त्याच्या ओळखीची होती. भोजनशाळेत आत्यासाहेब अशाच पाहत. राणीचा पाट दाराशी, पंगतीच्या टोकाला. वाढपी तिथवर पोहोचेपर्यंत पातेली खरवडायला येत. तो स्वतः मधल्या पाटावर बसून मान खाली घालून जेवत असे. त्याला फार लाज वाटली.

हळूहळू बांबूवरचे टोले कमी झाले. कोंबड्या डाल्याला टेकून धुळीत लोळू लागल्या. पण राणीचा तुरा लालभडक झाला आणि एका संध्याकाळी ती गवत उकरून बसायला कोपरा शोधू लागली.

अंधारू लागलं, कोंबड्यांना दिसेनासं झालं, तशी राजाने राणीला अलगद उचलून दांडीवर सरदारिणीशेजारी ठेवलं. सरदारिणीने चोच उगारली.

राजाने हात जोडले. "सरदारीणबाई, जरा सरका."

ती घशात बराच वेळ कुरकुरली. मग बोटभर सरकली.

उजाडता दांडी काडकन मोडली. राणी गवतात बसली होती, केसांत पिसं, चेहऱ्यावर संताप. "महाराज," ती म्हणाली, "मला भूक लागली आहे. आणि दाणे नकोत."

भोजनशाळेत पंगत बसली होती. राजाने दाराजवळचा पाट स्वतः उचलला आणि पंगतीच्या मधोमध आणला. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"आत्यासाहेब, जरा सरका."

आत्यासाहेबांनी मान तिरकी करून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग सरकल्या, बोटभरच. राजा हात जोडून उभाच राहिला, तेव्हा आणखी सरकल्या. राणी बसली आणि पोटभर जेवली.

त्या तिन्हीसांजेला राजा भिंतीजवळ गेला आणि मोठ्याने म्हणाला, "या घरात जो येईल त्याला बसायला जागा मिळो."

"तथास्तु," भिंत म्हणाली.

आत्यासाहेबांविषयीही त्याला काही बोलायचं होतं. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं.