बायजाने नाकारलेली तीन पोती

वेळणेगावच्या राजकोठारात नवा तांदूळ खच्चून भरला होता आणि त्याचा एक दाणा शिजवायला गावातलं कुणी तयार नव्हतं.

समुद्राने बांध फोडल्यापासून खाडीकाठच्या शेतांत खारं पाणी शिरलं होतं. जुनं भात मूळ धरायच्या आतच जळून जायचं. धर्मा शेतकऱ्याच्या मुलीने, आवडीने, पाच वर्षं खपून यावर तोड काढली. खाऱ्या चिखलात तगणारं एक जाडंभरडं लाल भात होतं. त्याच्या फुलोऱ्यातली धूळ तिने गोड पांढऱ्या भाताच्या फुलांवर हाताने झटकली, दर वर्षी चांगली रोपं निवडली आणि शेवटी खाऱ्या पाण्यात डोलणारं भात उभं केलं. राजा उदयभानाने ते सरकारी शेतांत लावलं. पीक उदंड आलं.

पण गावात भलतंच पसरलं. हा माणसाने जुळवलेला तांदूळ, खाल्ला की जन्मभर तहान भागत नाही, असं कुणी म्हणे. दुसरा म्हणे, पोरांच्या अंगाला खवले फुटतात. जुनी साठवण संपत आली होती, तरी लोक कंद उकडून खात होते.

राजा हट्टी होता. त्याने आवडीला बोलावून बजावलं, की महिन्याभरात लोकांनी आपण होऊन हा तांदूळ मागितला पाहिजे. दवंडी पिटायची नाही, फुकट वाटायचा नाही, जुन्या तांदळात मिसळून खपवायचा नाही. जमलं नाही, तर बियाण्यासकट सगळं जाळून टाकणार.

आवडीने फक्त कोठाराची किल्ली मागितली. ती घेऊन ती थेट बायजा सुइणीच्या दारात गेली.

बायजाच्या हातावर निम्मं गाव जन्मलं होतं, आणि या तांदळाला सगळ्यात जास्त शिव्या तिच्याच तोंडून निघत. आवडी तिला म्हणाली, "मावशी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून आले. किल्ली तुम्ही ठेवा. हवं ते तपासा. काय दिसलं ते गावाला सांगा. मला आधी विचारू नका."

बायजा चकित झाली, पण तिने किल्ली कमरेला खोचली.

आठ दिवस तिने आपल्या कोंबड्यांना तोच तांदूळ घातला. कोंबड्या माजल्या. मग आठ दिवस ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत, स्वतः भात खाल्ला. लोक तिचे हात उलटसुलट करून खवले शोधत. तरीही मागायला कुणी आलं नाही.

विसाव्या दिवशी बायजाने कोठारातली तीन पोती ओढून बाहेर काढली. छत गळून त्यांना बुरशी लागली होती. भर चौकात तिने ती फोडली, आवडीला फैलावर घेतलं आणि सगळं खाडीत ओतायला लावलं. धर्माने डोक्याला हात लावला. लेकीने मात्र मुकाट्याने पोती ओतली आणि छत शाकारायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोळीण सुकी मासळी घेऊन आली आणि बदल्यात दोन पायल्या तांदूळ मागू लागली. दुपारी सहा जणी आल्या.

तिसाव्या दिवशी राजा मशालवाले घेऊन कोठारावर आला, तर गर्दीत त्याच्या घोड्याला वाट मिळेना. बायजाने दारातूनच सांगितलं, "महाराज, रांग पिंपळापासून आहे."

राजा खाली उतरला. त्याने आवडीला बाजूला घेऊन विचारलं, की कोंबड्या धष्टपुष्ट झाल्या तेव्हा कुणी आलं नाही, आणि तुझाच माल नासका निघाला तेव्हा गाव लोटलं, हे कसं?

"तोवर लोकांना वाटत होतं, मी मावशींना फितवलंय," आवडी म्हणाली. "त्या नाही म्हणू शकतात हे दिसलं, तेव्हा त्यांचं हो पटलं."

राजाने डोळे बारीक केले. "आणि बायजाने सगळाच तांदूळ वाईट ठरवला असता तर?"

"तर महाराज, तुम्हाला मशाली आणायचे कष्ट पडले नसते. मीच जाळला असता."

राजा असा खदखदून हसला, की रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्याने मशाली विझवायला लावल्या, खाडीकाठची वीस शेतं आवडीला नव्या वाणांसाठी तोडून दिली, आणि हसू आवरत पिंपळाकडे चालू लागला.