तीन अक्षरांएवढा मूळ रंग

“गाडीच्या पाठीवरची ही तीन अक्षरं काढायची. लोखंड लावायचं नाही. ओरखडा उठता कामा नये. मागं कंपनीचा मूळ रंग तेवढा दिसला पाहिजे. दुसरं काही दिसलं, तर संध्याकाळी टपरी उचलायची!”

हुकूम सोडणारे बापूसाहेब रणवरे, गावचे पुढारी. ऐकणारी शालन फुलारी, त्यांच्याच जागेत हारांची टपरी चालवणारी आणि लग्नाच्या गाड्या फुलांनी सजवून देणारी पोरगी. ती टपरी बापूसाहेबांच्या डोळ्यांत खुपत होती, कारण त्याच कोपऱ्यावर त्यांना स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा होता. साठ वर्षं जगले, एवढंच कर्तृत्व; पण फ्लेक्स वीस फुटी!

अक्षरांची भानगड वेगळीच. उद्या त्यांच्या मुलाला बघायला पाहुणे येणार होते. लाल गाडी दिमाखात दारात उभी करायची होती. पण कारखान्यानं मागं डकवलेली ती चंदेरी अक्षरं ओरडून सांगत होती, की हे त्या गाडीतलं सगळ्यांत स्वस्त मॉडेल आहे! गावातल्या दोन्ही मेस्त्रींनी हात वर केले होते. “स्क्रू ड्रायव्हर घातला की रंग गेलाच, बापूसाहेब.” येताजाता तीस वर्षांचा अनुभव सांगणारी माणसं ही!

“काढते,” शालन म्हणाली. “पण जमलं, तर पुन्हा टपरीकडं बोट दाखवायचं नाही.”

“जमलं तर ना!” बापूसाहेब मिशीत हसले.

शालननं किटलीभर कढत पाणी आणलं. टॉवेल त्यात बुडवून अक्षरांवर दाबून धरला. खालचा डिंक मऊ झाला. मग तिनं हार ओवायचा दोरा खोबरेल तेलात भिजवला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि अक्षराच्या मागनं करवतीसारखा ओढत नेला. टप! पहिलं अक्षर खाली. टप! दुसरं. टप! तिसरं. उरलेला डिंक तेलाच्या बोटानं चोळला, फडक्यानं पुसला. एक ओरखडा नाही! मेस्त्री एकमेकांची तोंडं बघायला लागले.

पण बापूसाहेबांनी टाळी वाजवली. “हरलीस!”

सहा वर्षं उन्हात उभी राहून गाडी विटून गेली होती. अक्षरांखालचा रंग झाकलेला, म्हणून तेवढाच लालभडक राहिला होता. चंदेरी अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी तीन लालभडक अक्षरं उमटली!

“लांबनं वाचता येतंय की! चल, उचल टपरी!”

“थांबा. अट काय होती?”

“मूळ रंग तेवढा दिसला पाहिजे!”

शालन थोरल्या मेस्त्रीकडं वळली. “काका, या अक्षरांच्या जागी दिसतोय तो रंग कुणाचा?”

“कंपनीचा,” मेस्त्री पुटपुटला.

“आणि आजूबाजूचा?”

मेस्त्रीनं चोरून बापूसाहेबांकडं बघितलं.

“बोल की रे!” बापूसाहेब खेकसले.

“तो... उन्हानं विटलेला, बापूसाहेब. गाडीच्या शेडचे पत्रे आपण सहा वर्षांमागंच फ्लेक्सला लावले ना!”

“ऐकलंत?” शालन म्हणाली. “मी हात लावला तेवढ्या जागेत नुसता मूळ रंग आहे. डाग आहे तो बाकीच्या गाडीवर. तो काढायचं तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि पाडलाय तुम्हीच!”

मेस्त्रींनी तोंडावर हात धरले. बापूसाहेबांनी आधी डोळे वटारले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग ते बॉनेटवर थापा मारत खदखदा हसले. “घे! जागा तुझ्या नावावर लिहून देतो. फ्लेक्स गेला खड्ड्यात! आणि लग्न जमलं, तर नवरदेवाची गाडी तूच सजवायची!”

मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “पण पोरी, उद्या पाहुण्यांचं काय करू?”

“गाडी भिंतीला पाठ लावून उभी करा, बापूसाहेब. आणि काही झालं तरी, ‘चला, स्टँडवर सोडतो’ म्हणू नका!”