गुलाबरावांची नाताळभेट

माणसांनी जंगलात प्लास्टिक टाकायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. जंगलाच्या धान्यकोठारात गुलाबराव वानर मुकादम होते. "यंदा नाताळला सगळ्या सहकाऱ्यांना जंगल जपणारी भेट देणार!" असं ऐटीत जाहीर करून त्यांनी एक अख्खा पळस ओरबाडला आणि पानांचे सुबक द्रोण लावले.

कोठारातल्या खारूताईंनी आपला द्रोण निरखला. "सुंदर झालाय हो, गुलाबराव. पण ही पानं माझ्या घरावरची. पिल्लं उन्हात पडलीत."

गुलाबरावांनी बोडक्या पळसाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. "जंगल जपायला निघालो आणि झाडच सोललं की मी!"

नाताळच्या दुपारी सगळे कोठारात मेजवानी झोडत होते. गुलाबराव मात्र पळसावर उन्हाकडे पाठ करून बसले होते, आणि त्यांच्या सावलीत पिल्लं गाढ झोपली होती.