वखारीतली आरोग्यशाळा

पूर्वी सुवेला नावाच्या बंदरनगरीत राजा पद्मकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या आरोग्यशाळेचे प्रमुख वैद्य होते. गोरगरिबांना तिथे औषध आणि पेज मिळे; मोबदला कोणी मागत नसे.

पुढे समुद्रापलीकडे युद्ध पेटले आणि गलबते येईनाशी झाली. हमाल बसून राहिले, विणकरांचे माग थांबले. अर्धपोटी माणसाला आजार लवकर गाठतो. आरोग्यशाळेच्या दारात कधी नव्हती एवढी गर्दी होऊ लागली, आणि नेमके तेव्हाच, जकात आटली म्हणून राजाने तिचा खर्च थांबवून ती बंद केली. इतर वैद्य परराज्यात निघून गेले. शेजारच्या राजाने बोधिसत्त्वांसाठीही पालखी पाठवली. ती त्यांनी आदराने परत पाठवली आणि ते दरबारात गेले.

"वैद्यराज, दिवस पालटले की आरोग्यशाळा पुन्हा उघडू," राजा म्हणाला.

"महाराज, तोवर आजार थांबायचे नाहीत. बंदरावरच्या वखारी ओस पडल्या आहेत, त्या मला द्या. हमाल आणि विणकर रिकामे आहेत, ते रुग्णांची सेवा करतील. त्यांच्या पोटापुरते धान्य तेवढे कोठारातून मिळावे."

"ते सैन्यासाठी राखले आहे."

"सैनिकही याच वस्त्यांत राहतात, महाराज. ताप त्यांना वगळणार नाही."

राजाने कोठाराच्या किल्ल्या बोधिसत्त्वांपुढे ठेवल्या.

वखारी झाडून सारवून घेतल्या. हमालांचा मुकादम धनिय आजाऱ्यांना पाठुंगळी घेऊन येई. विणकर जुनी शिडे फाडून पट्ट्या करीत, त्यांच्या बायका पेज रांधत. बोधिसत्त्व सगळ्यांना काढे करायला शिकवीत आणि सर्वांच्या मागून जेवत. काही रुग्ण वाचले नाहीत. पण एकटा कोणी मेला नाही.

युद्ध संपले, गलबते परतली. त्यांच्या मागोमाग परराज्यात गेलेले वैद्यही आले आणि मान खाली घालून दाराशी उभे राहिले.

"बरे झाले आलात," बोधिसत्त्व म्हणाले. "आत या, माणसे कमी पडताहेत."

ही कथा भगवंतांनी दुष्काळात सांगितली. भिक्षा अपुरी पडत होती आणि आजारी भिक्षूंचा भार कोणी वाहायचा, असा प्रश्न संघात निघाला होता. कथा संपवून ते म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. परतून आलेले वैद्य तुम्हीच. तो वैद्य मी होतो. आणि धनिय इथे बसलेला नाही. तो आत्ता एका आजाऱ्याचे अंथरूण बदलतो आहे. टंचाईतही जी आटत नाही, तिलाच करुणा म्हणतात."