टेकडीखालची धूळ

फोटो काळेपांढरे निघत आणि त्यांत रंग हातानं भरावे लागत, त्या काळची ही गोष्ट. एका स्टुडिओतल्या कुंचल्याला आपल्या कसबाचा फार ताठा होता.

एकदा त्याच्यापुढे माळरानाचा फोटो आला. बोडकी टेकडी, फिकट आभाळ आणि पायथ्याशी करडा, धुरकट डाग.

"काय रे ही तुझी मरगळ!" कुंचला म्हणाला. "थांब, तुला उजळून काढतो."

"टेकडी हिरवी कर, आभाळ निळं कर," फोटो म्हणाला. "पण त्या डागाला हात लावू नकोस. ती धूळ आहे. मेंढरं घरी येताहेत."

"मेंढरं दिसताहेत कुठं? नुसती धूळ भिंतीवर कोण टांगतं?" असं म्हणून कुंचल्यानं तिच्यावर दाट हिरवं गवत पसरलं. फोटो नव्या लुगड्यासारखा झळकू लागला.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई धनगरीण रंगवायला दिलेला तो माळरानाचा फोटो न्यायला आली. ती टेकडी तर केव्हाच खडीसाठी फोडून नेली होती. तिनं पायथ्यावरून बोट फिरवलं.

"झ्याक झालाय," ती म्हणाली. "पर हितनं आमचं मालक मेंढरं घेऊन येत हुतं. धुळीत दिसत नव्हतं, पर हुतं त्यात. आता तेबी गेलं."

फोटो तिथंच ठेवून ती निघून गेली.

कुंचला पाण्यात बुडून बुडून ते गवत पुसू लागला. हिरवं निघालं, पण त्याच्याबरोबर खालची धूळही निघून आली. राहिला नुसता पांढरा कागद.