भुरकीच्या डाळीचा हुकूम

ही गोष्ट त्या जुन्या काळातली, जेव्हा राजाची आज्ञा दवंडीवाल्याच्या तोंडून गावोगाव पोहोचत असे आणि दवंडी वाजली की माणसे हातातले काम टाकून वेशीकडे धावत. त्या काळी एका राज्यावर एक राणी राज्य करत होती. तिचे निम्मे राज्य नदीकाठी होते, हिरवेगार. उरलेले निम्मे म्हणजे पाथरमाळ. माळावरची जमीन खडकाळ, पाऊस थोडा आणि तोही लहरी. तिथे दुसरे काही पिको न पिको, भुरकी मात्र पिकायची.

भुरकी म्हणजे एक कडधान्य, राखाडी रंगाचे, चपट्या दाण्याचे. पाऊस दडी मारून बसला तरी तिचे वेल तग धरत. माळावरचे लोक तिचेच वरण करत, तिच्याच पिठाच्या भाकरी थापत. जमीनदार मजुरीसुद्धा भुरकीच मापून देत.

त्याच माळावर एक विचित्र दुखणे होते. धडधाकट माणूस एखाद्या सकाळी उठायला जायचा आणि त्याचे पाय त्याला साथ द्यायचे नाहीत. ताप नाही, जखम नाही. आधी एक काठी लागायची, मग दोन, आणि शेवटी माणूस हातांवर सरपटत अंगणात यायचा. लोक म्हणत, माळाच्या देवीचा कोप आहे.

राणीचा कोपावर विश्वास नव्हता. तिने आपल्या राजवैद्यांना, भास्करभटांना, माळावर पाठवले.

भास्करभट हुशार होते आणि चिकाटीचेही होते. ते दोन वर्षे पाथरमाळावर हिंडले. घरोघरी जाऊन त्यांनी विचारले, तुम्ही काय खाता, कुठले पाणी पिता, तुमच्या घरात कुणाचे पाय गेले, केव्हा गेले. सारे त्यांनी टिपून ठेवले. हळूहळू चित्र स्पष्ट होत गेले. ज्या घरांत सलग दोन-तीन महिने भुरकीखेरीज काही शिजले नव्हते, बहुतेक त्याच घरांत पाय गेले होते. जमीनदारांच्या घरांत भुरकी शिजत नसे आणि तिथे एकही माणूस लंगडत नव्हता.

सात-आठ घरे मात्र या हिशेबात बसत नव्हती. त्यांच्याकडेही रोज भुरकीच शिजे, तरी सगळे ठणठणीत. भास्करभटांनी थोडा विचार केला आणि ती घरे बाजूला ठेवली. इतक्या मोठ्या टिपणात सात-आठ घरे इकडची तिकडे व्हायचीच, असे त्यांना वाटले.

ते दरबारात परतले आणि म्हणाले, “राणीसाहेब, हा कोप नाही. भुरकीत विष आहे. माणूस ती रोज खातो तेव्हा ते त्याच्या पायांत उतरते.”

“तुमची खात्री आहे?”

“माझ्या डोळ्यांइतकी.”

दरबारात राज्याचे कोठावळे बसले होते. धान्याच्या कोठारांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांनी चाचरत विचारले, “मग वैद्यराज, ते लोक खातील काय?”

भास्करभटांना तो प्रश्न अस्थानी वाटला. “विष कोणते ते सांगणे माझे काम,” ते म्हणाले. “माणसाने विष खाऊ नये, एवढे मला ठाऊक आहे.”

राणीला आपल्या प्रजेविषयी तळमळ होती. रोज कुठे ना कुठे एक माणूस जायबंदी होत असताना विचार करत बसणे तिला पाप वाटले. त्याच दुपारी तिने हुकमावर शिक्का उठवला. भुरकी पेरायची नाही, विकायची नाही, खायची नाही. महिन्याभरात शिपायांनी उभी शेते जाळली. भास्करभटांना भर दरबारात शाल मिळाली.

वर्ष उलटले. माळावरून अहवाल आला की या सालात पाय गेल्याची एकही नवी नोंद नाही. भास्करभटांचा ऊर भरून आला. आपल्या हातून घडलेले हे चांगले काम डोळ्यांनी पाहावे म्हणून ते एकटेच पाथरमाळाकडे निघाले.

पहिल्या गावात त्यांना माणूसच दिसेना. दारांना कड्या, अंगणात गवत. दुसऱ्या गावात चार म्हातारी माणसे भेटली. ती म्हणाली, तरणीताठी सगळी पोट भरायला खाली नदीकडे गेली, काही वाटेतच दगावली. तिसऱ्या गावात मात्र वस्ती होती. पण वैद्यबुवा येताना दिसताच बायकांनी भराभर दारे लावून घेतली.

एकच दार उघडे राहिले. ते तान्हाईचे होते. तान्हाई मजुरी करणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. तिच्या नवऱ्याचे पाय सहा वर्षांपूर्वी गेले होते आणि टिपण करताना भास्करभट तिच्याकडे दोनदा येऊन गेले होते.

“ओळखलंत का मला?” त्यांनी विचारले.

“न ओळखून कसं चालेल?” तान्हाई म्हणाली. “तुमच्यामुळं तर शेत जळलं.”

भास्करभटांना ते लागले. “तुमच्या भल्यासाठीच जळलं ना ते? आता गावात कुणाचे पाय जातात का? एक तरी नवी नोंद आहे का?”

तान्हाईने आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. आत तिची मुलगी साळू भिंतीला टेकून बसली होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. तिचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले होते.

तसे पाय भास्करभटांनी शेकड्याने पाहिले होते. “हे केव्हा झालं?”

“यंदाच्या थंडीत.”

“पण भुरकी तर बंद झाली होती!”

“बंद झाली ती उघड्यावरची,” तान्हाई म्हणाली. “घळीत चोरून पेरली आम्ही. दुसरं काय उगवतं इथं? आधी निदान कधीमधी मूठभर ज्वारी मिळायची, मजुरीची भुरकी देऊन बाजारातून बदलून आणायचो. आता बाजारात भुरकी काढली तर शिपाई धरतात. मग तीन त्रिकाळ तीच. आणि तीही तशीच कच्चीबच्ची दळून.”

“तशीच म्हणजे?”

“म्हणजे न भिजवता. पूर्वी आम्ही जमेल तेव्हा भिजत घालायचो. सकाळी ते पाणी फेकायचं. मग उकळायची, तेही पाणी ओतून द्यायचं. तेव्हा कुठं रांधायला घ्यायची. आमच्या आज्या सांगायच्या, भुरकीचं पाणी अंगणाबाहेर टाका, ते पायाला बाधतं. पण आता टोपलं भिजत ठेवलं आणि शिपाई आला तर? म्हणून दळायची, भाजायची, दार लावून खायची. आणि कुणाचे पाय गेले तरी सांगायचं नाही, नाहीतर खाल्ली हे कळतं.”

भास्करभटांच्या डोळ्यांपुढे ती सात-आठ घरे उभी राहिली. त्यांनी एकेक नाव घेऊन विचारले, हे भिजवतात का? तान्हाईने प्रत्येक नावाला मान डोलावली. “ती सगळी झऱ्याकाठची घरं. त्यांना पाणी फेकणं परवडतं. आम्ही कोसभरावरून एक घागर आणतो वैद्यबुवा. त्यातली अर्धी फेकायची आणि अर्धी प्यायची म्हटलं तर लेकरं तहानेनं मरतील.”

“मी दोन वर्षं इथं होतो. दोनदा तुमच्या या ओसरीवर बसलो,” भास्करभट म्हणाले. “तेव्हा हे मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत, काय खाता. मी म्हणाले, भुरकी. तुम्ही लिहून घेतलंत आणि उठलात. कशी रांधता, ते कुठं विचारलंत?”

आतून साळूचा आवाज आला. “अहो वैद्यबुवा, तुम्हाला ठाऊक होतं ना तिच्यात विष आहे?”

“होतं, बाळ.”

“आम्हालाही ठाऊक होतं. मग तुम्ही नवीन काय केलंत?”

आपण सांगितले ते खोटे नव्हते, हे भास्करभटांना ठाऊक होते. आज पुन्हा तपासले तरी भुरकीत विषच निघाले असते. पण त्यांच्या त्या खऱ्या शोधानेच या मुलीच्या घराचे दार बंद केले होते. आपण चुकलो असतो तर बरे झाले असते, असेही क्षणभर त्यांच्या मनात आले. आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

राजधानीत परतल्यावर त्यांनी शाल राणीपुढे ठेवली आणि सारे सांगितले. राणीचा चेहरा उतरला. मग ती संतापली.

“म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत?”

“नाही राणीसाहेब. खरं सांगितलं, पण अपुरं. आणि पुरं सांगतोय असा तोरा मिरवला. कोठावळ्यांनी विचारलेला प्रश्न त्या दिवशी सगळ्यांत महत्त्वाचा होता. तो मी झिडकारला.”

राणी म्हणाली, “झिडकारलात तुम्ही, पण शिक्का माझ्या हातात होता. एका दुपारीत मी निम्म्या राज्याचं जेवण बंद केलं.”

दुसऱ्या दिवशी शिपायांना माळावरून परत बोलावण्यात आले आणि कोठारातली ज्वारी गाड्या भरून वर गेली. पण राणीने या वेळी नवा हुकूम काढला नाही. ती स्वतः पाथरमाळावर गेली आणि तान्हाईच्या गावात राहुट्या ठोकून सभा बसवली. एका बाजूला भास्करभट आपल्या टिपणांसह, एका बाजूला कोठावळे, आणि समोर गावोगावची माणसे. जमीनदार खुर्च्या मागत होते. राणी स्वतः सतरंजीवर बसलेली पाहून त्यांनी मागणे सोडले.

सभा सुरळीत झाली असे कुणी समजू नये. पहिला दिवस नुसत्या आरडाओरड्यात गेला. ज्यांची शेते जळली होती त्यांनी भास्करभटांना नको नको ते ऐकवले. भास्करभटांनी ऐकून घेतले. तरी एका बाबतीत ते हटले नाहीत. “भिजवलेली भुरकीसुद्धा किती सुरक्षित, हे मला आज ठाऊक नाही,” ते म्हणाले. “एकदा मी ठाऊक नसलेल्या गोष्टीला ठाऊक आहे म्हणालो. पुन्हा म्हणणार नाही. आधी बारा घरांत पाहू. कुणावर जबरदस्ती नाही, ज्यांना पटेल त्यांच्याच घरांत.”

“आणि तोवर आम्ही काय करायचं?” साळूने विचारले. तिला चारपाईवर बसवून चौघांनी सभेला आणले होते.

यावर कोठावळे पुढे झाले. त्यांनी कोठाराचा अंदाज मांडला. “माळाला वर्षभर पुरेल एवढी ज्वारी माझ्याकडे नाही, हे मी आजच सांगतो. निम्मी पुरवू शकेन. निम्मी ज्वारी आणि निम्मी भुरकी, असं चालेल का?”

भास्करभटांनी टिपणे चाळली. मिसळून खाणाऱ्या घरांत दुखणे कमी होते, अगदी नव्हतेच असे नव्हते. त्यांनी तसेच सांगितले. बायकांनी आपसांत चर्चा केली. तान्हाई उठून म्हणाली, “धान्य द्याल ते ठीक आहे. पण आधी पाणी द्या. पाणी असेल तर फेकायला जमेल, आणि फेकायला जमलं तर निम्मी काळजी आमची आम्ही मिटवू.”

मजुरीच्या मुद्द्यावर जमीनदार अडून बसले. निम्मी मजुरी ज्वारीत द्यायला ते महिनाभर कुरकुरत होते. शेवटी राणीने राज्याच्या खर्चाने खोदल्या जाणाऱ्या तळ्यांतले पाणी त्यांच्याही शेतांना देण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे ते तयार झाले.

या साऱ्याला आठ महिने लागले. राजधानीत लोक म्हणू लागले, पूर्वीची राणी एका दुपारीत निर्णय घ्यायची, हिला आता झालेय तरी काय? राणीने ते ऐकले आणि सोडून दिले.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर पाच तळी खोदली गेली. जागा निवडल्या गावकऱ्यांनी, उतार मोजला राज्याच्या माणसांनी. एक तळे गळके निघाले, ते पुन्हा बांधावे लागले. बारा घरांतली भिजवलेली भुरकी भास्करभटांनी दोन हिवाळे पारखली. कोणत्याही घरात नवे दुखणे आले नाही, तेव्हाच त्यांनी ती रीत सगळ्या गावांना सांगितली. आणि सांगायला ते स्वतः गेले नाहीत, तान्हाई आणि तिच्या सोबतिणी गेल्या. त्यांचे बोलणे बायकांनी ऐकले, कारण त्या चूल पेटवून शेजारी बसून सांगत.

चार वर्षांनी पाथरमाळावर पाय गेल्याची एकही नोंद नव्हती. या वेळी भास्करभट घरोघरी आतल्या खोल्यांपर्यंत जाऊन आले आणि मगच त्यांनी ते खरे मानले. खाली गेलेली माणसे परतू लागली. तळ्यांच्या काठाने ज्वारी उभी राहिली.

ज्यांचे पाय गेले होते, त्यांचे मात्र परत आले नाहीत. साळूचेही नाहीत. भास्करभट दर वर्षी औषधी तेल घेऊन तिच्याकडे जात. तेलाने दुखणे थोडे हलके होई, इतकेच. एकदा त्यांनी तिला विचारले, “मला क्षमा करशील का?” साळूने तेलाची वाटी जवळ ओढून घेतली. मग म्हणाली, “ते मला अजून जमलेलं नाही. पण तुम्ही येत जा.”

भास्करभट येत राहिले.

राणीने आपल्या हयातीत एक नेम पाळला आणि पुढच्या राजांनाही घालून दिला. प्रजेच्या अन्नाला, पाण्याला किंवा कामाला हात घालणारा कोणताही हुकूम असो, त्या विषयाचा जाणकार, तो हुकूम राबवणारा आणि ज्याच्यावर तो पडणार तो माणूस, असे तिघे एकत्र बसून बोलल्याशिवाय शिक्का उठायचा नाही.

तात्पर्य : ज्ञान खरे असले तरी तेवढ्याने भागत नाही, ज्यांना निर्णय सोसायचा आहे त्यांचे ऐकून आणि तो पेलण्याची सोय करूनच राज्याने तो घ्यावा.