कढईतला अनारसा

चुलीपुढं कधी न बसलेला माणूस स्वयंपाकघराचे नियम करायला लागला, की तिथं धूर सोडून दुसरं काही निघत नाही. जांभुळवाडीच्या राजवाड्यात असंच झालं. त्रिंबकपंत कारभाऱ्यांनी हुकूम काढला, की आपण येऊन पाहिल्याशिवाय कढईतून काही बाहेर काढायचं नाही.

आता अनारसा कुणाची वाट बघतो का? जाळी पडली की काढावाच लागतो. पंत डुलत डुलत येईपर्यंत सगळे अनारसे करपले. खापर फुटलं उमाकाकूंवर. बिचारीचा जन्म त्या चुलीपुढं गेलेला.

रात्री पंगतीत पंत महाराजांना म्हणाले, "बाईचा हात गेला आता. उद्यापासून घरी बसवा."

काकू आमटी वाढत होत्या. पंतांनी कढत आमटीचा भुरका मारला, तशा त्या पुढं झाल्या. "थांबा, पंत! महाराजांनी पाहिल्याशिवाय घास गिळायचा नाही."

महाराजांच्या ध्यानात आलं. "खरंय, थांबा जरा," म्हणाले आणि सावकाश पाणी प्यायला लागले.

पंतांचे गाल फुगले, डोळे भरून आले. शेवटी त्यांनी गटकन गिळलं.

"परवानगीवाचून गिळलंत?" महाराजांनी विचारलं.

"तोंड भाजत होतं, महाराज! थांबायचं तरी किती?"

"माझा अनारसाही हेच म्हणाला असता, पंत," काकू म्हणाल्या. "पण त्या बिचाऱ्याला तोंड नाही. म्हणून आज तुमचं उसनं घेतलं."

महाराजांना हसता हसता ठसका लागला. हुकूम तिथंच मोडीत निघाला, आणि काकूंना घरी बसवायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.